एका कुकरला किती युनिट?

इंडक्शन शेगडी घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "लाइट बिल किती वाढेल?" दुकानदार सांगतो, फारसं नाही. शेजारी सांगतात, दुप्पट. दोघांपैकी कोणीच मोजलेलं नसतं. शेगडीच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर २००० वॉट वाचून काही जण ती परत खोक्यात भरून माळ्यावर टाकतात, आणि त्याच घरात राईस कुकर दुपारपासून रात्रीपर्यंत भात गरम ठेवत चालू असतो, त्याचा मात्र कोणाला संशयही येत नाही. पट्टीवरच्या वॉटवरून बिलाचा अंदाज बांधणं सोडायला हवं, असं मला फार तळमळीने वाटतं. खप मोजावा, आणि तो पदार्थावर मोजावा. वरण-भाताच्या एका कुकरला किती, एका केकला किती, सकाळच्या चहाला किती. हे एकदा हातात आलं की कोणतं उपकरण कधी वापरायचं याचा निर्णय घरातल्या घरात घेता येतो. त्यासाठी लागणारं सर्वांत भरवशाचं यंत्र वीज कंपनीने तुमच्या दारात आधीच बसवून ठेवलेलं आहे.

पट्टीवरचे वॉट, भिंतीतले वॉट

हजार वॉटचं उपकरण तासभर पूर्ण ताकदीने चाललं की एक युनिट होतं. दोन हजार वॉटची शेगडी पूर्ण आचेवर अर्धा तास चालली तरी एक युनिट. हिशोब एवढाच आहे. अडचण ही की स्वयंपाकघरातली फार थोडी उपकरणं सतत पूर्ण ताकदीने चालतात.

ओटीजी घ्या. पट्टीवर १६०० वॉट लिहिलेले असले, तरी हवं ते तापमान गाठेपर्यंतच तो अखंड वीज घेतो. मग थर्मोस्टॅट त्याला बंद-चालू करत राहतो. दहा मिनिटं आधी तापवणं आणि पस्तीस मिनिटं केक, असा पाऊण तास १६०० ने गुणला तर १.२ युनिट येतात. पण नंतरच्या पस्तीस मिनिटांत कॉइल निम्माच वेळ लाल राहिली, तर खरा खप पाऊण युनिटाच्या आत राहतो. म्हणजे गुणाकाराने तुम्ही दीडपटीहून जास्त घाबरलात.

इंडक्शनचं वागणं आणखी वेगळं आहे. बऱ्याच साध्या शेगड्यांना फार कमी वॉटवर सलग चालताच येत नाही. तुम्ही ४०० वर ठेवली तरी ती काही सेकंद हजाराच्या आसपास ओढते, काही सेकंद गप्प बसते आणि सरासरी ४०० ची साधते. मंद आचेवर ठेवलेल्या दुधाला उसळी येते, बसते, पुन्हा येते, ती यामुळेच. अशा वेळी कोणत्या तरी एका क्षणाचं मोजमाप घेऊन उपयोग नाही, पूर्ण पदार्थ होईपर्यंतचा खपच बघावा लागतो.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. खोक्यावर आणि जाहिरातीत असलेले ८०० वॉट हे अन्नाला मिळणारे वॉट असतात. भिंतीतून तो बाराशेच्या आसपास किंवा त्याहून थोडे जास्तच घेतो. मागच्या पट्टीवर 'इनपुट' म्हणून वेगळा आकडा दिलेला असतो, बिलासाठी तो धरायचा.

मिक्सरची मोठ्या वॉटमुळे उगाच बदनामी झाली आहे. ७५० वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला आणि सगळा वेळ त्याने पूर्ण ७५० घेतले असं धरलं, तरी महिन्याला पावणेचार युनिट होतात. पातळ चटणीला तो तेवढे घेतही नाही. इडलीचं पीठ किंवा घट्ट पुरण वाटताना मोटरवर ताण येतो, तेवढ्यापुरते वॉट चढतात.

गावाकडे, किंवा जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. किटली, कॉइलची शेगडी, गिझर, ओटीजी यांच्यावरचे वॉट २३० व्होल्टला धरून लिहिलेले असतात. ही उपकरणं व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज घेतात. घरात २०० व्होल्टच येत असतील तर १५०० वॉटची किटली जेमतेम ११३० वॉटची होते. पाणी उकळायला वेळ जास्त लागतो, पण युनिट जवळपास तेवढीच पडतात, किंवा रेंगाळत तापताना बाहेर जाणारी उष्णता वाढल्यामुळे किंचित जास्त. "व्होल्टेज कमी म्हणजे बिल कमी" हा समज तापवणाऱ्या उपकरणांना लागू पडत नाही.

मीटरचा लुकलुकता दिवा

आता मोजणी. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी भागावर एक बारीक लाल दिवा उघडझाप करत असतो. त्याच्याजवळ इंग्रजी अक्षरांत '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' अशासारखं काही छापलेलं असतं. काही मीटरवर हा आकडा १६०० असतो, काहींवर ६४००. अर्थ सरळ आहे: दिव्याने तेवढ्या उघडझापा केल्या की एक युनिट पुरं. घरात वीज जितकी जास्त खेचली जाईल तितका दिवा भरभर लुकलुकतो.

त्याच मीटरवर 'ईएल' किंवा 'आरईव्ही' अशी अक्षरं असलेले आणखी दिवे असू शकतात. ते मोजणीचे नव्हेत. त्यांतला 'ईएल' हा गळतीचा दिवा सतत पेटलेला असेल, तर मोजमाप बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा. वीज जमिनीत किंवा दुसऱ्या न्यूट्रलवाटे परत जात असल्याची ती खूण असू शकते.

इमारतीत राहत असाल तर मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा मीटर रूममध्ये असतं. बिलावरचा मीटर क्रमांक जुळवून आपलं मीटर ओळखा, फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्यांवर विसंबू नका. खाली एकाने उभं राहायचं, वर एकाने उपकरण चालू करायचं, मध्ये फोन. मीटरच्या झाकणाला, सीलला हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. सगळं काम डोळ्यांचं आणि घड्याळाचं आहे.

मोजण्याआधी घरातल्या, स्वतःहून चालू-बंद होणाऱ्या गोष्टी बंद करा: फ्रिज, गिझर, एसी, पाण्याचा प्युरिफायर. आणि इन्व्हर्टर. हा हमखास राहून जातो. वीज आदल्या रात्री गेली असेल तर इन्व्हर्टर बॅटरी भरत असतो आणि तेवढे शे-दोनशे वॉट तुमच्या इंडक्शनच्या नावावर चढतात. फ्रिज पंधरा-वीस मिनिटं बंद राहिल्याने आतलं काही बिघडत नाही, दार मात्र उघडू नका.

एवढं करूनही वायफायचा डबा, एखादा पंखा चालू राहील. त्याचा खप वेगळा काढून वजा करायचा. ३६ लाखांना तुमच्या मीटरवरच्या आकड्याने भागा. ३२०० असेल तर उत्तर ११२५, १६०० असेल तर २२५०, ६४०० असेल तर ५६२.५. हा तुमच्या मीटरचा कायमचा आकडा, तो वहीत लिहून ठेवा. मग मोजलेल्या उघडझापांना या आकड्याने गुणा आणि लागलेल्या सेकंदांनी भागा. येतात ते वॉट.

उदाहरण घेऊ. मीटर ३२०० चं आहे. उपकरण बंद असताना दहा उघडझापांना ७५ सेकंद लागले. दहा गुणिले ११२५ भागिले ७५, म्हणजे १५० वॉट. हे घराचं मूळ ओझं. आता इंडक्शनवर पाण्याचं भांडं ठेवून पूर्ण आच दिली. अर्धा मिनिट थांबून मोजलं तर वीस उघडझापांना साडेअकरा सेकंद लागले. वीस गुणिले ११२५ भागिले ११.५, म्हणजे साधारण १९५० वॉट. त्यातून १५० वजा. शेगडी १८०० वॉट घेते आहे, पट्टीवर २००० असले तरी.

या वेगात उघडझापा डोळ्यांनी मोजणं कठीण जातं. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि तो सावकाश चालवून मोजा. व्हिडिओवर वेळही दिसते, त्यामुळे स्टॉपवॉच लागत नाही.

घरावर सौर पॅनेल असतील तर हा प्रयोग सूर्य मावळल्यावर करा. नेट मीटर बाहेरून येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजतं, घरात बनून घरातच खपलेली वीज त्याला दिसत नाही. दुपारी बारा वाजता इंडक्शन लावलं तर दिवा आधी मंदावेल आणि मग वेग घेईल, त्यावरून काहीच कळणार नाही.

पदार्थ होईपर्यंत थांबा

बंद-चालू होणाऱ्या उपकरणांसाठी दिवा मोजत बसण्यापेक्षा मीटरचं रीडिंग घ्यावं. मीटरवर बटण असेल तर ते दाबत गेल्यावर युनिट, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी असे आकडे एकामागून एक येतात. काही मीटर बटण दाबून धरल्यावर युनिट दशांशाच्या दोन-तीन स्थळांपर्यंत दाखवतात. तसं तुमचं असेल तर काम सोपं झालं. पदार्थ सुरू करताना एक फोटो, झाल्यावर एक फोटो, दोन आकड्यांची वजाबाकी.

मीटर एकाच दशांशापर्यंत दाखवत असेल तर एका कुकरचा खप त्यात धड दिसणार नाही. मग तोच पदार्थ आठवडाभर त्याच पद्धतीने करा, रोज सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग लिहा, फरकांची बेरीज करून सातने भागा. आठवड्यात चूक पुष्कळ विरते. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसलं आहे त्यांना कंपनीच्या अ‍ॅपवर दिवसाचा खप दिसू शकतो. एका पदार्थासाठी तो उपयोगाचा नाही, पण "आज फराळाच्या चार भट्ट्या लावल्या, नेहमीपेक्षा किती वाढलं" हे त्यावर छान कळतं.

चारजणांच्या वरण-भाताच्या कुकरचा हिशोब कसा बसतो ते पाहा. वाफ धरेपर्यंत पाच मिनिटं १८०० वॉट, म्हणजे ०.१५ युनिट. मग आच उतरवून बारा मिनिटं सरासरी ६०० वॉट, म्हणजे ०.१२. एकूण ०.२७, पाव युनिटाला थोडं वर. तुमच्या घरी ०.२२ येईल किंवा ०.३५ येईल, डाळ भिजवली होती का, कुकर किती मोठा, शिट्ट्या किती, यावर ते ठरतं. पण तुम्ही मोजलंत तर हा आकडा तुमचा असेल, आणि पहिली शिट्टी झाल्यावर आच उतरवली नाही तर तो किती वाढतो हेही दुसऱ्या दिवशी मोजून पाहता येईल. स्वयंपाकाच्या सवयी बदलायला असा स्वतः काढलेला फरक जितका उपयोगी पडतो, तितकी कोणाची शिकवणी पडत नाही.

राईस कुकरचं गणित मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे दिसतं ते वेगळं आणि खपतं ते वेगळं. ७०० वॉटचा कुकर भात शिजवायला पंचवीस मिनिटं घेतो, म्हणजे ०.२९ युनिट. नंतर तो आपोआप 'वॉर्म'वर जातो आणि चाळीसेक वॉट घेत राहतो. चाळीस वॉट काहीच नाहीत असं वाटतं, पण आठ तास तसाच राहिला तर ०.३२ युनिट, शिजवायला लागले त्याहून जास्त. भात झाल्यावर बटण भिंतीवरच बंद करावं आणि झाकण मिटलेलं ठेवावं. तासभर भात गरम राहतो.

मायक्रोवेव्हमध्येही असंच काहीसं आहे. भाजी गरम करायला दोन मिनिटं, १२५० वॉट, म्हणजे ०.०४ युनिट. रोज एकदा केलं तर महिन्याला सव्वा युनिट. त्याच्या दर्शनी भागावरचं घड्याळ आणि आतली यंत्रणा मिळून दोन वॉट घेत असली तरी दिवसरात्र धरून महिन्याला जवळपास दीड युनिट होतं. ज्या घरात मायक्रोवेव्ह फक्त उरलंसुरलं गरम करायला आहे तिथे तो बंद असतानाच जास्त खातो.

फ्रिज हे उपकरण कमी वॉटचं आणि चोवीस तासांचं. त्याला दहा मिनिटांच्या मोजणीत पकडता येत नाही, पूर्ण दिवस-रात्र लागते. नव्या फ्रिजवरच्या बीईईच्या तारांकित पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. पट्टीवर २०० असतील तर महिन्याला साधारण सतरा. जुना फ्रिज मोजून त्याच्या दुप्पट-तिप्पट भरला, तर दाराचं रबर आणि मागची जाळी आधी तपासा.

सिंकखालच्या किंवा सिंकवरच्या छोट्या इन्स्टंट गिझरकडे थोडं लक्ष द्या. तो बहुधा ३००० वॉटचा असतो. भांडी घासताना सगळा मिळून रोज दहा मिनिटं चालला तरी अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. अनेक घरांत इंडक्शनवर आलेला आरोप खरं तर याचा असतो.

प्लगमध्ये बसणारं मीटर

मीटर रूमच्या चकरा नको असतील तर प्लग आणि उपकरण यांच्या मध्ये बसणारं ऊर्जामापक किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग मिळतो. तो वॉट दाखवतो, युनिट साठवत जातो, बंद-चालूचा सगळा गुंता आपोआप बेरजेत येतो. एका पदार्थाचा खप काढायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण इथे मी हट्टाने सांगेन: तो १६ अँपिअरचाच घ्या, आयएसआय चिन्ह बघा आणि आपल्याकडच्या मोठ्या तीन पिनांच्या टॉपसाठी बनवलेलाच घ्या.

कारण असं. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. लहान पिनांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे १३८० वॉटपर्यंतचं. परदेशी पिनांची स्वस्त मापकं कन्व्हर्टर लावून वापरली की कन्व्हर्टरच्या ढिल्या पत्र्यांवर सगळा करंट येतो आणि प्लास्टिक वितळतं. मल्टिप्लग, लांब एक्स्टेन्शन, मोठ्याचं लहान करणारे अडॅप्टर, हे काहीही इंडक्शन, किटली, ओटीजी, एअर फ्रायर यांच्या वाटेत येऊ देऊ नका. पहिल्यांदा वापरताना पंधरा मिनिटांनी मापकाला बाहेरून हात लावून बघा. कोमट चालेल. हात टेकवत नसेल किंवा जळका वास येत असेल तर लगेच बंद करा. दोष बहुधा जुन्या सॉकेटचा निघतो, ते बदलून घ्या. तीन हजार वॉटचा गिझर या मापकातून चालवूच नका, त्याला मीटरचा दिवा पुरेसा आहे.

वायरमनकडे असलेला चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर बघून अनेकांना तो घ्यावासा वाटतो. तो एकाच वायरीभोवती लावावा लागतो. उपकरणाच्या अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. एक वायर वेगळी काढायची म्हणजे बोर्ड उघडणं आलं, ते घरच्यांचं काम नाही. शिवाय साधा क्लॅम्प मीटर अँपिअर सांगतो, युनिट सांगत नाही. मिक्सरसारख्या मोटरच्या उपकरणात अँपिअर गुणिले व्होल्ट केलं की खऱ्या वॉटपेक्षा जास्त उत्तर येतं, आणि आपलं घरगुती बिल तर खऱ्या वॉटवरच येतं.

एकाच वेळी काय काय चालतं याचीही नोंद या निमित्ताने होऊन जाते. शेगडी १८००, ओटीजी १६००, गिझर ३०००, मिळून ६४०० वॉट, जवळपास २८ अँपिअर. बिलावर 'मंजूर भार' किती आहे ते पाहा. सकाळी सातला एमसीबी पडत असेल तर कारण इथे सापडेल. उपाय म्हणून वायरमनला मोठा एमसीबी टाकायला सांगणं धोक्याचं आहे. वायर तीच राहते आणि तिच्यावरचं संरक्षण जातं. एकतर वेळा वेगळ्या करा, नाहीतर वायरिंगसकट सगळं तपासून घ्या.

एक लिटर पाण्याची कसोटी

दोन उपकरणांत चांगलं कोणतं हे ठरवायला पदार्थापेक्षा पाणी बरं, कारण पाण्याचं गणित पक्कं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. २५ अंशांचं पाणी १०० अंशांवर न्यायचं तर ८७ वॉट-तास, म्हणजे ०.०८७ युनिट. याहून कमीत ते कोणत्याच शेगडीला जमणार नाही. जास्त लागलं ते भांड्यात, हवेत आणि शेगडीत गेलं.

एक लिटर मोजून घ्या, झाकण ठेवा, खळखळ उकळी येईपर्यंतचे सेकंद मोजा, वॉट आधी काढलेले आहेतच. समजा १९०० वॉटवर १९५ सेकंद लागले. गुणून ३६०० ने भागा, १०३ वॉट-तास येतात. ८७ ला १०३ ने भागलं तर ०.८४, म्हणजे ८४ टक्के उष्णता पाण्यात गेली. चांगल्या इंडक्शनला आणि किटलीला ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात हे येतं. कॉइलच्या उघड्या शेगडीला खूप कमी. आता त्याच शेगडीवर लहान बुडाचं पातेलं ठेवून बघा, मग झाकण काढून बघा. शेगडीवरच्या वर्तुळापेक्षा बूड बरंच लहान असेल किंवा चुंबक त्याला जेमतेम चिकटत असेल, तर आकडा घसरतो. भांड्याचं बूड बदलणं हा नवी महाग शेगडी घेण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त आणि जास्त परिणामकारक उपाय ठरतो.

युनिटाचे रुपये, आणि गॅसशी तुलना

युनिट हातात आले की दराचा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेक जण सरासरीत फसतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा दर नव्या उपकरणाला लावू नये. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि पुढे चौथा. वाढीव युनिट तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात, त्यामुळे त्यांना त्याच टप्प्याचा दर लावायचा. त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोडून द्या, तो शेगडी लावली नाही तरी भरायचाच आहे. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर निराळे, गोव्यात वीज खात्याचे टप्पेच निराळे. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलाच्या मागच्या बाजूचाच तक्ता घ्या.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ढोबळमानाने १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीने प्रमाणित चाचणीत निदान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी अशी भारतीय मानकाची अट आहे. घरात, वाऱ्यात, काजळलेल्या बर्नरवर, लहान पातेल्याच्या बाजूने ज्वाळा वर येत असताना ती पन्नासपर्यंत उतरू शकते. इंडक्शन ८५ टक्के देतं असं धरलं, तर एका सिलिंडरचं काम त्याच्याकडून करून घ्यायला साधारण १०५ ते १४५ युनिट लागतात. मध्ये १२० धरा. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १२० ने भागा. किंमत समजा ९०० रुपये असेल, तर साडेसात रुपये. तुमचं वाढीव युनिट, सगळे आकार आणि शुल्क धरून, यापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंडक्शन फायद्याचं. महाग पडत असेल तर गॅस.

बऱ्याच घरांत याचं उत्तर मधलंच निघतं. महावितरणचा दुसऱ्या टप्प्याचा दर गेली काही वर्षं पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. ज्या घराचा खप महिन्याला ७० युनिट आहे त्याने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर वाढलेल्या १२० युनिटांतले ३० स्वस्तात पडतील आणि ९० महागात. त्याच घराने चहा, दूध, अंडी उकडणं आणि सकाळचा कुकर एवढंच तिकडे नेलं, तर सगळी वाढ पहिल्याच टप्प्यात बसू शकते आणि सिलिंडरही लांबतो. कुठवर न्यायचं हे वर काढलेल्या पदार्थांच्या आकड्यांवरून ठरतं: पाव युनिटाचा कुकर तीस दिवस म्हणजे साडेसात युनिट, चहाचे दोन लिटर पाणी रोज म्हणजे सहा. भाकरी आणि फुलके आचेवरच राहू द्या, त्यांना ज्वाळाच लागते. आणि ज्यांचा खप आधीच दोन-अडीचशे आहे त्यांनी निव्वळ पैशांसाठी गॅस सोडू नये. सिलिंडर मिळण्याची ओढाताण असेल, घरात धाप लागणारं कोणी असेल किंवा एकट्या ज्येष्ठ व्यक्तीला गॅस उघडा राहण्याची भीती असेल, तर तो निराळा आणि पुरेसा मोठा विचार आहे. त्यासाठी महिन्याला शे-दोनशे रुपये जास्त मोजणं मला रास्त वाटतं.

बेरीज जुळली नाही तर

सगळ्या उपकरणांचे युनिट काढून महिन्याची बेरीज केली आणि बिलावर त्याहून खूपच जास्त आलं, तर आधी घरातला मेन स्विच बंद करून मीटरकडे जा. फ्रिजसकट सगळं बंद, तरी दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधल्या वायरवर कोणाचा तरी भार आहे किंवा गळती आहे. दिवा थांबला तर एकेक एमसीबी चढवत जा, म्हणजे कोणत्या खोलीकडे बघायचं ते कळेल.

मीटरविषयीच शंका असेल तर किटली कामाला येते, कारण तिच्यात फक्त तापणारी तार आहे, बंद-चालू होणारं काही नाही. बाकी सगळं बंद ठेवून तिचे वॉट दिव्यावरून काढा आणि पट्टीशी ताडून बघा. व्होल्टेज २३० च्या आसपास असताना दहा टक्क्यांचा फरक आला तर तो किटलीचाच असू शकतो. दीडपट आला तर नाही. अशा वेळी वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा, तपासणीचं ठरलेलं शुल्क भरा, अर्जाची पोच घ्या आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. तिथे तारखा, रीडिंगचे फोटो आणि दिव्याचा व्हिडिओ सोबत न्या.